देव गेले, पाणी राहिलं: नार्वे, दिवाडी, नागेशी

गोव्यात 'मूळ कुठले?' हा प्रश्न माणसांइतकाच देवांनाही विचारतात. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, कवळ्याची शांतादुर्गा केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, साष्टी, बारदेशातली देवळं पाडायला घेतली, तेव्हा भाविकांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे फोंड्यात नि डिचोलीत आणल्या. मूर्ती होडीत घालता येते, तळं कसं घालणार? देव गेले, पाणी जागच्या जागी राहिलं. नव्या जागी नवी तळी बांधली, ती आज फोटोंत सगळ्यांना दिसतात. जुन्या पाण्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. म्हणून श्रावणात पावसानं जरा उघडीप दिल्यावर मी आणि माझा मामेभाऊ डिचोलीहून स्कूटरनं निघालो.

पहिलं नार्वे. इथला सप्तकोटेश्वर म्हणजे कदंब राजांचं दैवत. त्यांच्या नाण्यांवरसुद्धा त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. त्याचं मूळ स्थान समोरच्या दिवाडी बेटावर. देऊळ पाडल्यावर लिंग एका विहिरीवर पाणी ओढायच्या कामी लावलं होतं, असं सांगतात. तिथून ते सोडवून भाविकांनी नदीअलीकडे आणलं आणि नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तो शिलालेख दारावर आहे. मान वर करून वाचावा लागतो. पुजाऱ्यांकडे विहिरीचा विषय काढला तर ते हसत म्हणाले, "अभिषेकाला लोक देवावर पाणी ओततात. या देवानं लोकांना पाणी ओढून दिलं." देवळाची नुकतीच डागडुजी झालीय, आणि चांगली झालीय. कौलं, दीपस्तंभ, जाड भिंती, सगळं जुन्या वळणाचं. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हटला की बाथरूमच्या टाइल्स गाभाऱ्यापर्यंत पोचतात, त्या मानानं हे भाग्यच.

नार्व्याहून फेरीबोट पकडली की थोड्या वेळात दिवाडी. गोकुळाष्टमीला याच काठावर पंचगंगेच्या स्नानाला गर्दी लोटते. आम्ही गेलो त्या दिवशी बोटीवर दोन मोटारी, एक मासळीवाली आणि आम्ही.

दिवाडीचं कोटितीर्थ शोधायला आम्हाला तिघांना विचारावं लागलं. झाडीत उतरत गेलेलं चिऱ्याचं तळं, कडेनं पायऱ्या आणि भिंतीत रांगेनं कोनाडे. कोनाडे रिकामे. एकात जळून काळी पडलेली वात होती, शेजारच्यात वेफर्सचं पाकीट. मी भिंतीला हात लावून बघितला. जांभ्याच्या दगडाला स्पंजासारखी भोकं असतात, त्यातल्या प्रत्येक भोकाच्या खालच्या ओठावर पाण्याचा एकेक थेंब धरलेला. बोटानं पुसला की क्षणभरानं पुन्हा येतो. भिंत ओली नव्हती, भिंत पाझरत होती.

गोव्याच्या पवित्र पाण्याचं निम्मं गुपित या भोकांत आहे. इथं वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, जांभ्यात मुरतो, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतो आणि वाट काढत सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतो. जुन्या लोकांनी नेमकं तिथं तळं बांधलं, शेजारी देव बसवला. देव आधी की झरा आधी, हा प्रश्न मला पडत नाही; झराच आधी.

तळ्यावरून परत येताना एका घरापुढे विहीर दिसली. काठाच्या चिऱ्यांवर दोरानं पाडलेल्या खाचा इतक्या खोल, की त्यांत अंगठा बसावा. पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "सांजांवाक येवपाचें न्ही, आतां कितें पळोवपाक आयल्यात?" म्हणजे, सांजांवाला यायचं ना, आता काय बघायला आलात? सांजांव २४ जूनला. सेंट जॉन आईच्या पोटात आनंदानं उसळला, त्याची आठवण म्हणून किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, गावांत डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. नव्या जावयाचा मान मोठा. फेणीही असते, ते वेगळं सांगायला नको. मिरगाच्या पावसानं भरलेल्या विहिरीला माणसं वाजतगाजत भेटायला जातात, याहून निराळी तीर्थयात्रा काय असते? देवळं पाडली गेली त्या बेटांवर पाण्याचा मान असा टिकून राहिला, हे मला फार लोभस वाटतं.

पलीकडच्या काठानं जुनं गोवं गाठून आम्ही फोंड्याला गेलो. साफा मशिदीचं तळं वाटेवरच आहे. मशीद १५६० ची, आदिलशाही काळातली. तळ्याच्या भिंतींत कमानींचे छोटे कोनाडे. दिवाडीचे कोनाडे नुकतेच बघून आलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतात. चिराही तोच, झिरपणंही तेच.

मंगेशीला थांबलो नाही. तळं सुंदर आहे, पण पार्किंगपासून तिथवर जाताना माणूस घामानंच तीर्थस्नान करतो.

नागेशीला मात्र तासभर बसलो. बांदिवड्याचा हा नागेश कुठून आलेला नाही, इथलाच. आवारातला १४१३ सालचा शिलालेख माई शेणै यांनी नागेश आणि महालक्ष्मीसाठी दिलेल्या दानाची नोंद सांगतो. म्हणजे पोर्तुगीज यायच्या शंभर वर्षं आधीपासून देव आणि पाणी इथं शेजारी शेजारी. तळ्याकाठच्या एका जागेवरून गाभाऱ्यातला दिवा पाण्यात दिसतो म्हणतात. आम्ही वाकून बघत होतो, तेवढ्यात एक आजोबा न विचारता आले आणि मामेभावाला खांद्याला धरून चार बोटं डावीकडे सरकवलं. "आता?" त्याला दिसला म्हणे. मला शेवाळ दिसलं. पायरीवर पाय सोडून बसलं की बारके मासे टाचा कुरतडतात, ते मात्र अगदी खरं.

परतताना शिरगावावरून आलो. लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, वैशाखात तळीत स्नान करून मग निखाऱ्यांतून चालतात. याच गावच्या विहिरी आणि शेतं खाणींनी आटवल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. लोहखनिजासाठी खड्डे भूजलाच्या पातळीखाली नेले, पाणी पंपानं उपसून काढलं. मग पायथ्याचे झरे कशावर वाहणार? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये लीजचं नूतनीकरण रद्द केलं, आणि आता काही खाणी पुन्हा सुरूही झाल्यात. देवळांवर सोनेरी कळस चढवायला वर्गणी लगेच जमते. सडा वाचवायला पावती फाडलेली मी अजून पाहिली नाही.

जाणार असाल तर सप्टेंबरात जा, पायऱ्यांवरचं शेवाळ जरा सुकलेलं असतं. कोटितीर्थासाठी फेरीबोटीवरच कुणाला तरी वाट विचारून घ्या, कारण बेटावर दुपारी विचारायला कोणी भेटत नाही. सगळे झोपलेले असतात.