आजीची काठी आणि जपानीतला त्सुकु

आमच्या घरी पहाटे पाचच्या सुमारास पहिला आवाज येतो तो आजीच्या काठीचा. टक्, मग जरा थांबून परत टक्, मधल्या खोलीतून न्हाणीपर्यंत. काठीच्या खालचं रबर झिजून झिजून गेलंय, आतली लोखंडी नळी सरळ टाइलवर आपटते, त्यामुळे झोपेतही कळतं की आजी उठली. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ही काठी घरात आली आणि माझ्या जपानीच्या वहीतही तिच्यामुळेच एक शब्द असा काही घुसला की दोन महिने झाले, मी त्याच्यातच आहे.

झालं असं की ऑनलाइन क्लासमध्ये घरच्या माणसांवर पाच वाक्यं लिहायची होती. मी लिहिलं की आजी काठी घेऊन चालते. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या जपानीच्या शिक्षकांनी, वाचलं आणि विचारलं, काठी नुसती हातात असते का तिच्या? कारण मी जे क्रियापद वापरलं होतं त्याचा अर्थ हातात धरणं, म्हणजे छत्री बगलेत मारून चालावं तसं. काठी टेकत चालते म्हणायचं तर त्सुए ओ त्सुकु म्हणायचं. त्सुए म्हणजे काठी. पण त्सुकु? हा शब्द मला फक्त भोसकणे, भाला मारणे एवढ्याच अर्थानं माहीत होता. केंदोमध्ये, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, त्सुकी म्हणतात तो सरळ गळ्यावरचा वार, इतका धोक्याचा की शाळकरी लहान मुलांना तो करूच देत नाहीत. आणि तेच क्रियापद माझ्या ८१ वर्षांच्या आजीला, जी सकाळी उठून तुळशीला पाणी घालायला निघालीय!

त्या दिवसापासून मी त्सुकुच्या मागे लागली. आणि मला जे कळलं ते असं, की त्यात मारणं महत्त्वाचं नाहीच, दुखणंही नाही. एखाद्या लांब वस्तूचं टोक सरळ जाऊन कशाला तरी भिडतं, बस्, तो त्सुकु. भाल्याचं टोक माणसाला भिडलं तरी त्सुकु, काठीचं टोक जमिनीला भिडलं तरी त्सुकु. आत शिरून रुतून बसायचं असेल तर वेगळा शब्द आहे, सासु. डास चावतो तो सासु, सुई टोचते ती सासु, कबाबासारखं सळईत ओवतात तेही सासु. मराठीत आपण या सगळ्याला वेगवेगळे शब्द ठेवलेत, काठी टेकतो, सुई टोचतो, सुरा खुपसतो, बैलाला ढोसतो, माणसाला डिवचतो, आणि प्रत्येक शब्दात हाताची वेगळी हालचाल आहे. जपानीत त्सुकुच्या बाबतीत कानाला एकच शब्द येतो आणि वेगळेपण लिहिताना अक्षरात दिसतं.

म्हणजे आपण धान कांडतो ना, ते कांडणंही त्सुकुच, फक्त अक्षर वेगळं. नवीन वर्षासाठी मोची करतात तेव्हा वाफवलेला चिकट भात उसु नावाच्या उखळात टाकतात, एक जण किने नावाचा मोठा लाकडी हातोडा उचलून हाणतो आणि दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात ओल्या हातानं तो गोळा उलटवतो. ताल चुकला तर हातच जायचा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, चंद्रावर आपल्याला जसा ससा दिसतो तसा त्यांनाही दिसतो, पण त्यांचा ससा मोची कांडत असतो. मी आजीला गच्चीवर नेऊन दाखवलं तर ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हो वं, मुसळ दिसून राहिलं खरं."

देवळातली घंटासुद्धा ते वाजवत नाहीत, त्सुकु करतात. आपल्या घंटेत लोलक असतो, खाली दोरी किंवा साखळी. त्यांच्या मोठ्या घंटेला आत काहीच नसतं, बाहेर दोरांनी आडवा टांगलेला लाकडी ओंडका असतो, तो मागे ओढून घंटेवर सोडायचा. टोक जाऊन भिडलं, म्हणून त्सुकु. ३१ डिसेंबरच्या रात्री असे १०८ टोल देतात, माणसाच्या मनातल्या १०८ क्लेशांसाठी. १०८ वाचून अंगावर काटा आला माझ्या, कारण आजीच्या जपमाळेत तेवढेच मणी आहेत.

परवा नागपुरात कळमना मार्केटकडून येताना मिरची कांडपाच्या दुकानापुढून गाडी नेली आणि हेल्मेटच्या आत ठसका लागला. याला जपानीत हाना ओ त्सुकु, वास नाकाला त्सुकु करतो. आपल्याकडे वास नाकात जातो, झोंबतो. जपानीत वासालाही टोक आहे आणि ते सरळ येऊन नाकाला लागतं, आणि भिवापुरी मिरचीच्या बाबतीत तर ते शंभर टक्के खरं आहे. पैसे संपले की सोको ओ त्सुकु, म्हणजे तळाला टोक लागलं, इथे मात्र आपण आणि ते अगदी एका ठिकाणी येतो कारण आपणही खिशानं तळ गाठला म्हणतो. कोणाच्या वर्मावर बोट ठेवलं की इताई तोकोरो ओ त्सुकु, म्हणजे दुखऱ्या जागेला त्सुकु.

आता त्या अक्षराबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्सुकुचं जे मुख्य कांजी, म्हणजे चिनीतून आलेलं चित्राक्षर, आहे त्यात वर बीळ आणि खाली कुत्रा होता. बिळातून कुत्रा एकदम बाहेर झेपावतो, ते चित्र. युद्धानंतर जपाननं अक्षरं सोपी केली तेव्हा कुत्र्याच्या डोक्यावरचा ठिपका गेला, आता तिथे नुसतं मोठा या अर्थाचं अक्षर दिसतं, म्हणजे कुत्रा गेला आणि झेप राहिली. मला हे फार लागलं मनाला. आमच्या गल्लीत सिमेंटचे पाइप कित्येक महिने आणून टाकलेत, संध्याकाळी गाडी वळवली की त्यातून एक काळा कुत्रा असाच सुसाट बाहेर येतो, दोनदा ब्रेक मारताना पडता पडता वाचली मी. जपानीत अचानक म्हणजे तोत्सुझेन, आणि त्यातलं पहिलं अक्षर हेच. टक्कर म्हणजे शोतोत्सु, त्यातही हेच. आणि चिमणी, म्हणजे कारखान्याची, एन्तोत्सु, धूर आणि हे अक्षर. कोराडीच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून लांब दिसतात, आधी मी त्यांच्याकडे कधी धड पाहिलं नव्हतं, आता दिसल्या की वाटतं आभाळाला टेकवलेल्या काठ्याच आहेत.

पत्ता सांगतानाही हा शब्द येतो. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, मग त्सुकिआतारी म्हणतात, म्हणजे जिथे जाऊन रस्ता भिडतो ती जागा. आमच्या नागपूरच्या महाल भागात कोणालाही वाडा विचारा, "सरळ जा, जिथं रस्ता संपते तिथून उजवीकडे," तेच.

म्हणींमध्ये त्सुकुचा धाकटा भाऊ जास्त येतो, त्सुत्सुकु, हळूहळू परत परत टोचणं, कोंबडी दाणे टिपते तसं. झुडपात काडी घालून साप बाहेर काढणं, याबुहेबी म्हणतात थोडक्यात. धुऱ्यावरच्या झुडपात काडी घालू नको हे आमच्या गावाकडे लहानपणी रोज ऐकलेलं वाक्य, त्यामुळे ती म्हण पाठ करावीच लागली नाही. दुसरी म्हण जूबाकोच्या कोपऱ्यात टोचत बसणं, म्हणजे बारीकसारीक चुका उकरणं, आपण शब्दाचा कीस पाडतो म्हणतो ते. जूबाको म्हणजे एकावर एक रचायचे चौकोनी लाकडी डबे, सणाचं जेवण भरायचे. चौकोनी म्हणून कोपऱ्यात शीत अडकतं आणि कोणीतरी दात कोरायची काडी घेऊन ते काढत बसतं. आपला स्टीलचा डबा गोल, त्याला कोपराच नाही, म्हणून ही म्हण आपल्याकडे जन्मली नसती असं मला वाटतं. पण त्सुत्सुकु नेहमी वाईट नसतो, थंडीत मधे उकळतं भांडं ठेवून सगळे मिळून चॉपस्टिकनी खातात त्याला नाबे ओ त्सुत्सुकु म्हणतात आणि त्यात आपल्या एका ताटातल्या जेवणाची माया आहे.

आणि त्सुक्कोमी! ओसाकाकडच्या मान्झाईत, म्हणजे जोडीनं करायच्या विनोदी कार्यक्रमात, दोघं उभे असतात, एक काहीतरी भलतंच बोलतो, तो बोके, आणि दुसरा त्याच क्षणी उलट्या हातानं त्याच्या छातीवर चापट देऊन "नान्देयानेन" म्हणतो, तो त्सुक्कोमी, म्हणजे आत खुपसणारा. हे समजावायला सेन्सेईंना पंधरा मिनिटं लागली आणि मला तर्री पोह्याच्या ठेल्यावर एक सकाळ. दोन मित्र उभे, एकानं तर्री तिसऱ्यांदा घेतली आणि म्हणाला आजपासून माझं तिखट बंद, दुसऱ्यानं लगेच कोपरानं ढोसलं, "काउन बे!" सगळा ठेला हसला. मराठीत कोपरखळी म्हणतो आपण, किती नेमका शब्द, बोलण्याला कोपर लावलाय. मला मनापासून वाटतं की त्सुक्कोमीला मराठीत यापेक्षा जवळचा शब्द नाही, आणि क्लासमध्ये मी हे सांगितलं तेव्हा सेन्सेईंनी कोपरखळी हा शब्द स्वतःच्या वहीत लिहून घेतला.

शेवटचा शब्द कुरड्यांच्या दिवशी सापडला. गच्चीवर प्लास्टिक अंथरलेलं, चिकाचा मोठा गंज, आई सोऱ्या भरून देतेय आणि मी दाबतेय. आजी खुर्चीवर बसून काठीनं माझ्या पाठीला ढोसतेय, "जोर लाव, तार तुटून राहिली." जपानमध्ये समुद्री शेवाळापासून तोकोरोतेन नावाची जेली करतात, ती लांबट लाकडी पेटीत ठेवतात, पेटीच्या एका तोंडाला तारांची जाळी आणि मागून दांड्यानं ढकललं की शेवयांसारखी बाहेर येते. त्या यंत्राचं नाव तेन्त्सुकी, आलाच त्सुकु परत. आणि काही न करता नुसतं मागच्या ढकलण्यानं पुढच्या वर्गात जाणाऱ्याला तोकोरोतेनच्या पद्धतीनं पास झाला म्हणतात. मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे कुरडई मागून ढकलून येते पण वाळायला तिला उन्हातच पडावं लागते.

संध्याकाळी मेडिकलमधून काठीचं नवं रबर घेऊन आली. बसवायला गेली तर आजीनं काठी मागे ओढली. "राहू दे. आवाज आला म्हणजे तुमाले समजते ना, उठली मी म्हणून."

रबर अजून पुडीतच आहे, देवघराच्या फळीवर.