तो घोरत होता

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. पद ऐकायला मोठे वाटते. प्रत्यक्षात मानसोपचार ओपीडी आणि ड्रेसिंगची खोली यांच्यामधल्या बोळात टाकलेले एक टेबल म्हणजे माझे कार्यालय. बेवारस रुग्णांचे नातेवाईक शोधणे, खर्च माफ होण्यासाठी अर्जांवर शेरे मारणे ही कामे लोकांना ठाऊक असतात. व्यसनी माणसासाठी मदत मागायला रुग्णालयात सर्वांत आधी पाऊल टाकतो तो व्यसनी माणूस नसतो, त्याची आई, बायको किंवा बहीण असते, हे मात्र बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्या व्यवस्थेत अशा बाईला जागा नाही. केस पेपर रुग्णाच्या नावाने निघतो, रुग्ण समोर लागतो, आणि खिडकीवरचा कारकून “पेशंटला घेऊन या” असे सांगून तिला परत पाठवतो. घेऊन येता आले असते तर ती एकटी कशाला आली असती, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडलेला नाही. म्हणून मी एक पळवाट काढली आहे. केस पेपर त्या बाईच्याच नावाने काढायचा आणि तक्रारीच्या रकान्यात ‘झोप न लागणे’ असे लिहायचे. त्या कागदावर तिला दर गुरुवारी माझ्यासमोर बसता येते.

ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्यांचा कागदही असाच निघाला होता. त्या घरून पोळी-भाजीचे डबे देत. पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद महिनाभर पुरायचा तो दहा दिवसांत संपू लागला, तेव्हा त्यांनी आधी कामावरच्या मुलीवर संशय घेतला, तिला बोल लावले, ती काम सोडून गेली. आणि नंतर मोरीच्या पत्र्यामागे मधोमध काळी रेघ उमटलेले कागदाचे तुकडे सापडले. ब्राउन शुगर पन्नीवर टाकून खालून काडी धरतात आणि वितळून घरंगळणाऱ्या थेंबाचा धूर नळीने ओढतात, तो थेंब मागे सोडतो ती ही रेघ. मुलगा चोवीस वर्षांचा, फॅब्रिकेशनच्या गाळ्यात वेल्डर. पहिल्या भेटीत त्यांनी मुलाबद्दल कमी आणि त्या कामावरच्या मुलीबद्दल जास्त सांगितले. तिची माफी कशी मागायची, हे त्यांना माझ्याकडून हवे होते.

या नशेची आमच्या भागाला जुनी ओळख आहे. १९८०च्या दशकात मुंबईत गर्द, म्हणजे हीच ब्राउन शुगर, भेसळीचे हेरॉइन, पसरली, आणि त्याच काळात, १९८६ साली, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्यानंतर इतकी वर्षे गेली. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.१ टक्के लोकांनी, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक माणसांनी, अफूजन्य पदार्थ वापरल्याचे आढळले आणि त्यांत हेरॉइनचे प्रमाण अफूपेक्षा जास्त निघाले. असे असूनही एखाद्या आईला ‘जवळ कुठे दाखवू’ याचे उत्तर द्यायचे तर मला अर्धा दिवस फोनवर घालवावा लागतो. काही केंद्रे फक्त दारूचे रुग्ण घेतात. काहींची अनामत ऐकून घरचे लोक फोन खाली ठेवतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस, हे दोन्ही क्रमांक मी प्रत्येकाला लिहून देते आणि त्यांचा उपयोगही होतो. पण फोनवरून दिलासा मिळाला तरी खाट मिळत नाही.

मी दोन सरकारी जागा शोधून ठेवल्या आणि मुलाला एकदा तरी माझ्यापर्यंत आणा असे बाईंना सांगत राहिले. तेवढ्यात त्यांच्या भावाने परस्पर सोय लावली. पहाटे जीप आली, चौघांनी मुलाला झोपेतून उचलून एका केंद्रात नेले, जिथे साखळीने बांधून ठेवतात. मनोरुग्णांना साखळीने बांधण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे आणि व्यसनाधीन व्यक्ती त्या कायद्याच्या कक्षेत येतात, हे मी भावाला सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, कायदा तुमच्याकडे, पोरगा आमच्याकडे.” पंचविसाव्या दिवशी मुलगा घरी आला. केस कापलेले, वजन वाढलेले, घोट्यांवर कातडी सोललेली. सोबत ना औषध, ना चिठ्ठी, ना पुढची तारीख.

बाई पेढे घेऊन आल्या. मी पेढा खाल्ला. हे मुद्दाम लिहिते आहे. त्यांनी विचारले, “आता काय काय जपायचं?” मी टेबलाच्या खणातला छापील कागद काढून दिला. त्यात अकरा मुद्दे आहेत: हातात पैसे देऊ नका, जुने मित्र टाळा, जुन्या चुका उगाळू नका, वगैरे. कागद मीच तयार केलेला आहे आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला त्यांचा फोन आला. आवाज अगदी निवांत होता. “काही विशेष नाही हो मॅडम. आल्यापासून रात्ररात्र तळमळत होता, आज जेवला आणि गाढ झोपलाय. घोरतोयसुद्धा. म्हटलं तुम्हाला सांगावं.” मी “छान झालं” म्हणाले. फोन ठेवणारच होते, पण मागून तो आवाज कानावर आला. घरघर, नंतर शांतता, मग पुन्हा घरघर. मधली शांतता फार लांब होती. मी त्यांना फोन मुलाच्या तोंडाजवळ धरायला सांगितला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. एका मिनिटात सात श्वास. जागा असो वा झोपलेला, मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ओठांचा रंग विचारला. त्या म्हणाल्या, “जांभळे दिसतात, पण त्यानं सकाळी जांभळं खाल्ली होती.”

महिना जूनचा होता, त्यामुळे ते खरेही असेल. नखे पाहायला सांगितले. नखे निळी होती. हाका मारल्या, कानाची पाळी जोरात चिमटली, तरी तो हलला नाही. मी त्यांना त्याला कुशीवर वळवून वरचा गुडघा पुढे घ्यायला सांगितले, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात जाणार नाही. शेजारीण लिंबू कापून घेऊन आली होती आणि त्याच्या तोंडात पिळू पाहत होती. मी फोनवरून इतक्या जोरात ओरडले की बोळातल्या रांगेतले लोक उभे राहिले. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात लिंबू, ताक, मिठाचे पाणी घातले तर ते फुप्फुसात जाते. १०८ला फोन लावला, पण त्यांच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही, म्हणून शेजारच्या मुलाने त्याला रिक्षात घातले. सगळा रस्ता बाई फोनवर श्वास मोजत होत्या आणि मी हातात फोन धरून कॅज्युअल्टीच्या दाराशी उभी होते.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग लावली आणि नॅलॉक्सोन, म्हणजे अफूजन्य नशेवरचा उतारा, मागितले. ते कपाटात होते, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली जेवायला गेलेल्या सिस्टरांच्या खिशात होती. किल्ली यायला चार मिनिटे लागली. तोवर त्या तरुण डॉक्टरांनी ज्या संथ, एकसारख्या लयीत बॅग दाबली, ती मी विसरणार नाही. ०.४ मिलिग्रॅमची इंजेक्शने एकामागोमाग दोन दिली. दुसऱ्यानंतर तो एकदम उठून बसला, शिव्या देऊ लागला आणि सलाईन उपटून घरी निघाला. नॅलॉक्सोनचा असर तासा-दीड तासात ओसरू शकतो आणि गर्द शरीरात उरली असेल तर माणूस पुन्हा बुडतो, म्हणून त्याला रात्रभर ठेवणे भाग होते. आईने त्याचे पाय धरले, तेव्हा तो राहिला.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली. हवालदारांना पाहताच मामा गायब झाला. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे, हे मी हवालदारांना आणि बाईंना एकाच वेळी समजावत होते. हवालदारांना ते लवकर पटले.

त्याने घेतली होती ती नेहमीचीच पुडी. महिनाभरापूर्वी जेवढी ओढायचा तेवढीच. पंचवीस दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते आणि जुनी मात्रा जीवघेणी ठरते. सुटून आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे आमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. मलाही माहीत होते.

दुसऱ्या दिवशी मानसोपचार विभागाच्या डॉक्टरांनी बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची जिभेखाली ठेवायची गोळी कमी मात्रेपासून सुरू केली. ती शरीराची ओढ भागवते, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, होऊ देत नाही आणि मरणाचा धोका घटवते. “एक नशा सोडवून दुसरी लावता काय?” असे परत आलेल्या मामाने विचारले. त्याच्यावर चिडण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही ‘कोरडा’, म्हणजे अशा गोळीशिवाय नशेपासून दूर, राहिलेला रुग्ण तेवढाच बरा झालेला मानत असे, आणि आमच्यातले काही समुपदेशक आजही तसेच मानतात.

बाईंनी मात्र मला वेगळे विचारले. माझा छापील कागद त्यांनी चार घड्या घालून पोलक्यात ठेवला होता, तो उलगडून त्या म्हणाल्या, “मॅडम, पैशाचं लिहिलंय, मित्रांचं लिहिलंय. घोरण्याचं कुठं लिहिलंय?”

आता त्यावर बारावा मुद्दा आहे, तो मी प्रत्येक प्रतीवर हाताने लिहिते. नवीन छपाईचा प्रस्ताव कार्यालयात पडून आहे. नॅलॉक्सोन कॅज्युअल्टीच्या उघड्या ट्रेमध्ये असावे, हे पत्रही मी दिले. त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा आला आहे.

मुलगा एकोणीस दिवस गोळीला आला, मग दहा दिवस आला नाही, आणि गेल्या सोमवारपासून पुन्हा येतो आहे. बाईंचा गुरुवार चुकलेला नाही. परवा केस पेपर भरला म्हणून नवा काढायचा होता आणि कारकुनाने सवयीने तक्रार विचारली. मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच सांगितले की रात्री दर तासाला उठून त्या त्याचे श्वास मोजतात. कारकुनाने मान खाली घालून लिहिले: झोप न लागणे.