कुठे तोंड करून उभे आहात?

‘शाळा सुटल्यावर काय केलंत, ते थोडक्यात लिहा,’ असं स्मरणिकेच्या संपादकांचं पत्र आलं. थोडक्यात म्हणजे, भटकंतीची मार्गदर्शक पुस्तकं लिहिली आणि आकाशवाणीवर बोललो. यावर पोट कसं भरलं, हा पुढचा प्रश्न पुण्यात ठरलेलाच. पोटाला बायकोची बँकेतली नोकरी होती. माझ्या मानधनात बूट आणि एसटीची तिकिटं भागायची.

या उद्योगाचं खापर मात्र शाळेवरच फोडायला हवं. आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी आमचा वर्ग लोकलने मळवलीला नेला. उतरल्यावर कार्ले कुठे आहे, असं त्यांनी फलाटावरच विचारलं. कुणीतरी ‘डावीकडे’ म्हणालं. सरांनी त्याचे खांदे धरून त्याला गर्रकन उलटं फिरवलं आणि म्हणाले, ‘आता डावीकडे काय आलं?’ मग त्यांनी सगळ्यांना मुंबईकडे तोंड करून उभं केलं. उजव्या हाताला कार्ले, डाव्या हाताला भाजे आणि त्याच्या मागे लोहगड-विसापूर. इतकं पाठ झाल्याशिवाय कुणाला फलाट सोडू दिला नाही. ‘पुढे डावीकडे वळावे’ असं बिनदिक्कत छापणारी पुस्तकं आजही हातात येतात, तेव्हा त्या लेखकांना एकदा सरांच्या हवाली करावं असं वाटतं.

मार्गदर्शिका कुणी आरामखुर्चीत बसून वाचत नाही. वाचक पायथ्याच्या गावात घामाघूम उभा असतो आणि एसटी नुकतीच गेलेली असते. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, मार्चनंतर ते टिकतं का, गडावर मुक्कामाला देऊळ आहे का, परतीची शेवटची गाडी कितीची, एवढंच त्याला हवं असतं. इंग्रज प्रवाशांसाठी १८५९ मध्ये निघालेली हिंदुस्थानची मार्गदर्शिका, मरेचं हँडबुक, तेही वाटांप्रमाणेच मांडलेलं आहे. माझ्या एका प्रकाशकांना मात्र दर पानावर ‘निसर्गरम्य’ हवं असे. मी ते खोडायचो, ते पुन्हा घालायचे. माहिती कुणाकडून घ्यायची यातच निम्मं कसब आहे. वेळापत्रक स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर मिळतं, पण मुक्कामी गाडी सकाळी खरंच किती वाजता हलते, ते गावातल्या दूधवाल्याला विचारावं. त्याचे कॅन त्याच गाडीने जातात. आणि एवढं करून पुस्तक छापून येईपर्यंत गाडीची वेळ बदललेली असतेच.

रेडिओचं तंत्र नेमकं उलटं. आपलं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, मी तिथे पोचलो तो स्पूलच्या टेपच्या काळात. दहा मिनिटांच्या भाषणाला हजारेक शब्द लागतात. कागद टाचायचे नाहीत, वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. नाहीतर सह्याद्रीच्या वर्णनात कागदाची सळसळ ऐकू जाते. श्रोता कुठेही निघालेला नसतो, तो भाजी निवडत असतो. त्याला टाक्याचं पाणी सांगून काय उपयोग?

कार्ल्यावर बोलायचं होतं तेव्हा तिथल्या लेण्यातल्या चैत्यगृहाची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाची, लांबी, उंची, खांब असं सगळं मी लिहून नेलं होतं. निर्मातीबाईंनी पहिलंच पान वाचलं आणि म्हणाल्या, ‘आकडे ऐकू येत नाहीत हो. माणसं आणा.’ माणसं होतीच, भिंतींवर आणि खांबांवर कोरलेली. खांबांचं दान देणारे धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, आणि दाराचं काम करणारा वेणुवासाचा मुलगा सामी, हाही धेनुकाकटाचाच. सामीचा धंदा शिलालेखात स्पष्ट दिला आहे, सुतार. ही नावं मी सावकाश वाचली. पुढच्या आठवड्यात एक पोस्टकार्ड आलं. पाठवणारे स्वतः सुतार होते आणि त्यांचा सवाल होता, ‘दगडाच्या लेण्यात आमच्या माणसाचं काय काम?’ इतका नेमका प्रश्न मला एकाही परीक्षकाने विचारला नाही. त्यांच्या प्रश्नावर पुढचं अख्खं भाषण झालं. कार्ल्याच्या छताला आतून सागवानी कमानी बसवलेल्या आहेत. दोन हजार वर्षांनंतरही त्या आपल्या जागी आहेत. दगडात कोरलेलं ते सगळं घडणीने लाकूडकामच आहे, म्हणजे सुतार तिथे पाहुणा नव्हता, घरचाच होता.

आता फोनमधला नकाशा वाट दाखवतो आणि माझी पुस्तकं रद्दीवाल्याकडे सापडतात. त्याचं मला फारसं दुःख नाही. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायथ्याला गाड्यांची जी रांग लागते, तिला थोडेफार मार्गदर्शिकावालेही जबाबदार असणार.

हीरकमहोत्सवाची सहल कुठे न्यावी, असं समितीने विचारलं आहे. मी जुन्नरजवळचा नाणेघाट सुचवला आहे. थंडीत जावं, तेही आडवारी, आणि पाणी आपापलं घ्यावं. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकली जाई, असं सांगतात. माजी विद्यार्थी संघाच्या खजिनदारांनी त्याच्याशेजारी पावतीपुस्तक घेऊन बसावं. वर्गणी थकवलेले बरेच जण त्या दिवशी एकदम हाती लागतील.