चावी फिरेना, स्टिअरिंग हलेना

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोन दिवस उरले होते आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचे, सामान आणायला गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात जायचे होते. गाडीत बसून चावी घातली, तर ती जागची हलेना. स्टिअरिंगही दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर सरकून अडत होते. गाडी वडिलांनी 2001 साली घेतलेली, छोटी, आणि तोवर कधीही वाटेत न अडकलेली. त्यामुळे मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जोर लावला. चावीच्या मानेला किंचित पीळ बसलेला दिसला तेव्हाच थांबलो. दरम्यान वडील स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले होते, कारण आमच्या घरात बिजागरीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यावर तोच उपाय चालतो. मी नको म्हणेपर्यंत चार थेंब कुलपात गेलेही होते. त्या चार थेंबांची किंमत पुढे मोजावी लागली.

शेजारच्या वाड्यावरचे मेकॅनिक आले आणि त्यांनी चावीकडे पाहिलेसुद्धा नाही. "मात्शें रावात," म्हणजे जरा थांबा, एवढे म्हणून ते खाली वाकले आणि पुढच्या डाव्या चाकाकडे बघू लागले. आमचे घर चढणीवर आहे. गाडी उताराकडे तोंड करून लावायची आणि पुढचे चाक वळवून गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकवून ठेवायचे, म्हणजे हँडब्रेक सुटला तरी गाडी रस्त्यावर जाणार नाही, ही वडिलांची शिस्त. शिस्त चांगलीच आहे. पण त्या दिवशी सारा घोटाळा तिनेच केला होता.

चावी काढली की इग्निशनच्या कुलपातून स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी खिट्टी बाहेर येते आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील खाचेत जाऊन बसते. चोराने तारा जोडून इंजिन सुरू केले तरी त्याला गाडी वळवता येऊ नये, हा तिचा हेतू. अमेरिकेत 1970 सालापासून नव्या मोटारींना चावी काढल्यावर स्टिअरिंग तरी किंवा गाडीची चाल तरी अडवणारे कुलूप सक्तीचे झाले. चावी फिरवताना ही खिट्टी मागे ओढली जाते. मात्र चाक गडग्याला टेकलेले असेल आणि गाडीचे वजन उतारावरून त्या चाकावर रेटत असेल, तर तो रेटा स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत पोहोचतो, खाचेची कड खिट्टीला आवळून धरते, आणि मग चावीला कितीही पीळ दिला तरी ती खिट्टी सरकत नाही. सपाट जागी चाके पूर्ण वळवून गाडी बंद केली तरी थोड्या प्रमाणात हेच होते, कारण जागच्या जागी वळवलेल्या टायरचे रबर पिळलेले राहते आणि ते सरळ व्हायला बघत असते.

सपाटीवर उपाय सोपा असतो. स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित ढिले लागते तिकडे ते एका हाताने हळूहळू दाबत राहायचे आणि दुसऱ्या हाताने चावीला अगदी हलका पीळ द्यायचा. आमच्या उतारावर एवढ्याने भागेना. मेकॅनिकांनी हँडब्रेकवर माणूस बसवला, गाडी न्यूट्रलमध्ये आणली, मागच्या चाकाच्या पुढे, उताराच्या अंगाला, चिऱ्याचा तुकडा ठेवला आणि आम्हा तिघांना पुढून गाडी मागे रेटायला लावली. चाक गडग्यापासून सुटले आणि वडिलांच्या हातातली चावी लोण्यात फिरावी तशी फिरली.

हे प्रकरण इथेच संपायला हवे होते. चवथ झाली आणि पुढच्याच आठवड्यात बाजारात, सपाट जागी, स्टिअरिंग सरळ असताना चावी पुन्हा अडली. या वेळी स्टिअरिंग हलवून काही उपयोग झाला नाही. ती पूर्ण आत घालून केसभर बाहेर ओढली तेव्हा मात्र फिरली, आणि दोष आता खिट्टीचा नसून चावीचा आहे हे त्यावरूनच कळले. अशा कुलपाच्या बॅरलमध्ये, म्हणजे चावी शिरते त्या फिरत्या नळकांड्यात, पातळ पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे एक बारीक स्प्रिंग असते, आणि चावीच्या दात्यांनी त्या सगळ्या पट्ट्या नेमक्या पातळीवर आणल्या तरच बॅरल फिरते. आमची रोजची चावी वीसहून अधिक वर्षे वापरून गुळगुळीत झाली होती. कपाटातली दुसरी, जवळजवळ न वापरलेली चावी तिच्याशेजारी धरली, तर एकीचे दाते डोंगरासारखे आणि दुसरीचे झिजलेल्या पायऱ्यांसारखे. चावीवाल्याकडे मी झिजलेलीच चावी नेणार होतो, ही कबुली देतो. यंत्र समोरच्या चावीची हुबेहूब नक्कल करते, झिजेसकट. म्हणून नमुना म्हणून कपाटातली चावी दिली.

त्यानंतर राहिली ती खोबरेलाची सफाई. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, स्टिअरिंगखालच्या कव्हरचे स्क्रू सोडवले, चावी एसीसीवर, म्हणजे इंजिन बंद पण रेडिओ चालू राहतो त्या खुणेवर, आणून कुलपाच्या अंगावरील बारीक भोकातला खटका बारीक तारेने दाबला, आणि बॅरल चावीसकट हातात आले. हे चावी फिरत असतानाच जमते. ती कायमची अडेपर्यंत वाट पाहिली तर हा मार्ग बंद होतो. आत तेल, धूळ आणि पितळेची भुकटी यांचा काळा चिखल झाला होता. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि हवेत सदा ओल, त्यात तेलाचा चिकटा; एक पट्टी तर तिच्या खाचेत रुतूनच बसली होती. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बॅरल धुतले, पूर्ण वाळू दिले आणि चिमूटभर ग्रॅफाइटची पावडर फुंकून बसवले. ग्रॅफाइट कोरडे असते, धूळ धरून ठेवत नाही.

मधल्या काळात एका गॅरेजमध्ये मला कुलूप फोडून नवे बसवण्याचा सल्ला मिळाला होता. तो घेतला नाही हे बरे झाले. हे कुलूप स्टिअरिंगच्या कॉलमवर, म्हणजे दांड्याभोवतीच्या नळीवर, ज्या बोल्टांनी धरलेले असते त्यांची डोकी कारखान्यात आवळतानाच तुटून पडतील अशी बनवलेली असतात, म्हणजे पाना लागायला काही उरतच नाही. ते ड्रिलने किंवा छिन्नीने काढावे लागतात. शिवाय नव्या कुलपाची चावी वेगळी, दरवाजांची जुनी, म्हणजे खिशात दोन चाव्या. मात्र खिट्टीच वाकलेली किंवा अर्धवट बाहेर राहत असेल, तर खर्चाकडे न पाहता कुलूप बदलावे आणि तोवर गाडी चालवूच नये. धावत्या गाडीत स्टिअरिंग अडण्याचा धोका कुणीही पत्करू नये. त्याच कारणाने गाडी चालू असताना, उतारावर पेट्रोल वाचवायला म्हणून, चावी मागे फिरवणाऱ्यांचे मला नेहमी भय वाटते.

आता गाडी लावताना मी स्टिअरिंग सरळ करतो, पहिल्या गिअरऐवजी रिव्हर्स टाकतो, कारण तोंड उताराकडे असते, आणि चाकापुढे चिऱ्याचा तुकडा सरकवतो. वडील गाडी लावतात तेव्हा चाक अजून गडग्यालाच टेकलेले असते. फक्त आता चावी अडली की ते तेलाच्या बाटलीऐवजी मला हाक मारतात, आणि मी पुढून गाडी रेटायला जातो.