चित्राची मागची बाजू

माजी विद्यार्थ्यांचे प्रदर्शन कोल्हापुरातल्या रिवाजाप्रमाणे शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात भरवावे, असा आमच्या संस्थेचा आग्रह होता. ते आमच्या कला महाविद्यालयातच, ज्या वर्गात या मंडळींनी मडकी आणि पडदे समोर ठेवून स्थिरचित्रणाचे तास केले त्याच वर्गात व्हावे, हा माझा हट्ट होता. तो मान्य झाला आणि मांडणीचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

भिंतीवर खिळे ठोकले की प्रदर्शन उभे राहते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर आला तरच उभ्या माणसाची नजर त्यावर सहज ठरते. मोठ्या चित्राला एकाऐवजी दोन हूक दिले तर ते कलंडत नाही, आणि पाणसळीने अचूक जुळवलेली चौकटही जुन्या इमारतीच्या कललेल्या तुळईखाली वाकडी दिसते, तेव्हा अखेर डोळ्याचेच ऐकावे लागते.

मुंबईहून आलेले सर्वांत मोठे तैलचित्र माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे होते. कागल तालुक्यातल्या शेतकरी घरातून आलेल्या या मुलीची चित्रे आता मुंबईच्या जहांगीर कलादालनात लागतात. पेटी उघडताना मी मुद्दाम विद्यार्थ्यांना भोवती उभे केले. रंगाच्या पृष्ठभागाला आधी ग्लासीन, म्हणजे रंगाला न चिकटणारा गुळगुळीत कागद, लावलेला होता आणि त्यावरच्या बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला होते. फुगे आतल्या बाजूला आले की उष्म्याने त्यांचे गोल ठसे रंगावर कायमचे उमटू शकतात. प्रवासात चित्राचे कापड (कॅनव्हास) थोडे ढिले पडले होते, म्हणून चित्र मऊ कापडावर पालथे ठेवले, आणि त्यानंतर मुलांना तिथून उठवणे अशक्य झाले. स्ट्रेचरच्या, म्हणजे कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्यांत बसवलेल्या लाकडी पाचरी, निरनिराळ्या दालनांच्या चिकटपट्ट्या आणि एकदा उतरवून पुन्हा ताणलेल्या कापडाची जुनी भोके पाहत ती तिथेच बसून राहिली. तेवढ्यात ती चित्रकर्ती स्वतः आली, जमिनीवर बसली, हातोडीने एकेक पाचर हलकेच ठोकू लागली आणि दमट हवेत रंगाखाली कापडाला दिलेला सरसाचा थर सैलावून कापड का लोंबते, हे तिने समजावून दिले. हा धडा आमच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात कुठेही नाही, याची मला मनापासून चीड येते.

प्राचार्यांना दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि स्फूर्तिदायक भाषण हवे होते. भाषण झालेही, पण ते संपताच एका विद्यार्थ्याने चित्राची किंमत विचारली. व्यासपीठावरून त्याला गप्प करण्याचा प्रयत्न झाला. तिने मात्र किंमत सांगितली आणि फळ्यावर हिशेब मांडला: खासगी दालनाचा वाटा, जो अनेकदा निम्म्यापर्यंत जातो, शिवाय कापड, रंग, वाहतूक, विमा, आणि चित्र विकले न गेल्यास ते ठेवायच्या जागेचे भाडे. जहांगीरची तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि तिथे दालनाचे भाडे चित्रकारालाच भरावे लागते, हेही तिने लपवले नाही. सत्कारांपेक्षा या हिशेबाची मुलांना अधिक गरज होती, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या मनातून जात नाही तो त्यानंतरचा प्रसंग. बारावी झालेल्या मुलीला घेऊन आलेल्या एका आईने त्या चित्रकर्तीला विचारले, “मॅडम, हिनं ए. टी. डी. करून शाळेत लागावं, का फाउंडेशन करून पुढं पेंटिंगला जावं?” (ए. टी. डी. म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, आणि फाउंडेशन म्हणजे कलाशिक्षणाचा पायाभूत अभ्यासक्रम.) क्षणभरही न थांबता चित्रकर्ती म्हणाली, “आधी ए. टी. डी. करा. मी शाळेत शिकवलं, म्हणून माझ्या रंगांचे पैसे निघाले.” चित्रकला हा विषय जन्मभर शिकवत आलेल्या मला ते ऐकणे जड गेले. त्या मुलीची रेखाटनवही मी पाहिली होती. बाजारात बसलेल्या बायकांची तिने काढलेली झटपट रेखाटने पाहून मी तिला चित्रकलेच्या पदविकेकडेच वळवले असते.

रात्री मी चित्रकर्तीला तसे बोलून दाखवले, आणि चित्रकला शिक्षकांच्या कितीतरी जागा रिकाम्याच ठेवल्या जातात, मग या आधाराचा तरी काय भरवसा, असेही विचारले. “सर, तुम्हाला तिची रेषा दिसते, मला तिच्या आईचा चेहरा दिसला,” ती म्हणाली. तिचा अनुभव खरा आहे आणि त्या मुलीच्या रेषेतली ताकदही खरी आहे. प्रवेश सुरू झाल्यावर त्या मायलेकी माझ्याकडे येतील, तेव्हा हे दोन्ही मी त्यांच्यापुढे ठेवीन. त्यातले आधी काय सांगावे, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.