बेसिनशेजारची ट्यूब

जर्मनीत मी ज्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून काम करते, तिथे बेसिनच्या वर एक तक्ता लावलेला आहे. कामाला लागण्याआधी हाताला काय लावायचं, हात कशाने धुवायचे आणि काम संपल्यावर कुठलं क्रीम चोळायचं, असे रकाने. क्रीमही तिथेच, आणि त्याचा खर्च मालकाचा. इथल्या नियमांत ओल्या हातांचं काम हा वेगळा प्रकारच मानला आहे. रोज 2 तासांपेक्षा जास्त वेळ हात ओल्यात राहत असतील, तर मालकाने डॉक्टरी तपासणी देऊ करायची. 4 तास किंवा त्याहून जास्त असेल, तर ती सक्तीची. नर्स, आचारी, सफाई कामगार, केस कापणारे, सगळे त्यात आले.

हे डोक्यात घेऊन डिसेंबरात पुण्याला आले आणि कोथरूडला वहिनीकडे भांडी घासणाऱ्या मावशींचे हात पाहिले. अंगठ्याच्या पेराला उभी चीर, कडा पांढऱ्या पडलेल्या, नखांभोवतीची कातडी सुटलेली. "दुखतं का हो मावशी?" म्हटलं, तर म्हणाल्या, "मिठाचा हात लागला की जीव जातो बघा. पण थंडीत व्हायचंच हे." वहिनीचेही हात खरखरीत झाले होते. घरात क्रीम होतं, पण बेडरूमच्या कपाटात!

हे "व्हायचंच" मला अजिबात मान्य नाही. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ असतात, ते आतलं पाणी उडू देत नाहीत. साबण मळाबरोबर तेही काढून नेतो, पाणी कढत असेल तर आणखी लवकर. तळहाताला तैलग्रंथीच नसतात, त्यामुळे गेलेला ओशटपणा तिथे वरून भरून निघत नाही. त्यात पुण्याची डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा. मग कातडी ताठरते आणि बोट वाकवलं की उलते.

हात धुणं कमी करा, असं मी नर्स म्हणून कधीच सांगणार नाही. धुतल्यावर लगेच काहीतरी लावा, एवढंच. पाणी कोमट घ्या, हात टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्या आणि थोडा ओलसरपणा असतानाच क्रीम लावा. बहुतेक जण तळव्यावर तळवा चोळून मोकळे होतात. खरी गरज असते ती मागच्या बाजूला, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला. अंगठी काढून हात धुवा, तिच्याखाली साबण अडकून राहतो.

लोशनमध्ये पाणी जास्त असतं, क्रीम त्याहून दाट, मलम सगळ्यात चिकट. भेगा पडल्या असतील तर चिकटच घ्या. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. साधी, बिनवासाची जेली कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. महागड्या सुगंधी डबीपेक्षा मी तीच सुचवीन, कारण फुटलेल्या कातडीला सुगंधी द्रव्यं झोंबू शकतात. आपल्याकडे टाचांना कोकमतेल लावतात, ते रात्री हातांनाही लावा आणि वर सुती मोजे घाला. लिंबाची साल मात्र चिरलेल्या हातांवर चोळू नका.

हात मळलेले दिसत नसतील, तर दवाखान्यात काम करणाऱ्यांनी साबणापेक्षा सॅनिटायझर वापरलेला बरा. त्याने त्वचा कमी कोरडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मिश्रणात 1.45 टक्के ग्लिसरीन असतं ते त्यासाठीच. चिरांवर चरचरेल, पण म्हणून परत साबणाकडे वळू नका. आणि लॅटेक्सचे हातमोजे घालण्याआधी पेट्रोलियम जेली लावू नका, त्याने रबर कमजोर होतं.

खाज, पाण्याचे फोड, लस येणं किंवा न भरणाऱ्या भेगा असं काही दिसलं, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो एक्झिमा असू शकतो.

वहिनीने ट्यूब आता सिंकजवळच्या खिडकीत ठेवली आहे. तुम्ही दोन आणा. एक स्वयंपाकघरात ठेवा आणि दुसरी मावशींना घरी न्यायला द्या, कारण त्या तुमच्याकडून निघून आणखी तीन घरची भांडी घासतात. सोबत आतून सुती अस्तर असलेले हातमोजे द्या आणि ते भिजले किंवा फाटले की बदलून द्या. हा खर्च त्यांच्या पगारातून कापायचा नाही.