धावताना खायच्या एनर्जी जेलचं पाकीट घेण्याआधी मागची बाजू वाचा

मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. म्हणून इथल्या धावपटूने पाकिटावर आधी सोडियमचा (घामातून जाणाऱ्या मिठातल्या क्षाराचा) आकडा बघावा, चव नंतर. लांब रनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वाटेत प्यायलेलं त्यात मिळवा.

दीड तासापुढच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम असतं, म्हणजे तासाला दोन. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्या. वर स्पोर्ट्स ड्रिंक ओतलंत तर पोटात साखरेचा पाक होतो, तो लवकर पुढे सरकत नाही, आणि पेडर रोडच्या चढावर मळमळायला लागतं. ही चूक फार जण करतात!

ओआरएस पाणी-क्षारांसाठी उत्तम, पण लिटरला जेमतेम १३.५ ग्रॅम ग्लुकोज. त्यावर २१ किलोमीटर निघत नाहीत. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ (सपाट पाव चमचा) आणि लिंबू. सोडियम सुमारे ६०० मिलिग्रॅम मिळतं.

रनिंगनंतर २० ते २५ ग्रॅम प्रोटीन पुरे. व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) घेताना डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक बघा. पावसाळ्यात लहान डबाच घ्या, ओला चमचा आत गेला की गोळे झालेच. सोबत केळं किंवा पोहे हवेतच, नुसत्या प्रोटीनने स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेलं कार्बोहायड्रेट) भरत नाही.